कणसावरची हिरवी बुरशी आणि गुलाबी बुरशी: ओढ्यात कुणाचं विष उतरतं?

खानापूर असो वा हुक्केरी, मक्याची काढणी पावसात सापडली की "कणसाला बुरशी लागली" एवढं म्हणून आपण मोकळे होतो. पण कणीस सोलून नीट बघा. दाण्यांच्या फटीत पिवळट-हिरवी भुकटी दिसली तर ती अ‍ॅस्परजिलस. शेंड्याकडून पांढरट-गुलाबी कापूस चढलेला, दाण्यांवर बारीक पांढऱ्या रेघा, तर ती फ्युझेरियम. विष दोघी करतात, पण त्या विषाच्या वाटा वेगळ्या.

हिरवीचं अफलाटॉक्सिन बहुतेकांनी ऐकलेलं असतं. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, त्यातून ते उजेडात आलं. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. उन्हाचा ताण बसलेलं पीक आणि ओलसर साठवण तिला मानवते. जनावराच्या पोटात गेलेलं हे विष दुधातही येतं. मात्र पाण्यात ते फारसं विरघळत नाही, चिकणमातीला धरून राहतं. म्हणून त्याची काळजी कणगीत आणि गोठ्यात करायची.

गुलाबीचं तसं नाही. तिला ओल हवी, आणि तिची विषं एकाहून जास्त. त्यातलं फ्युमोनिसिन आपल्याला परकं नाही: 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी नि जुलाब झाले ते याच्यामुळं. ओढ्याच्या दृष्टीनं मात्र दुसरी दोन जास्त महत्त्वाची. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल पाण्यात इतकं सहज विरघळतं की माती त्याला अडवू शकत नाही. पाऊस ते उभ्या पिकातून आणि रानात पडलेल्या ताटांतून धुऊन नेतो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी शेताखालच्या निचरा-नळ्यांत आणि नद्यांत ते प्रत्यक्ष मोजलंय.

दुसरं झिअरालेनोन. पाण्यात सापडतं तेव्हा लिटरमागं नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे जवळजवळ नगण्य. तरी मला भीती याचीच जास्त वाटते, कारण ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. प्रयोगशाळेत, नदीतल्यापेक्षा जास्त मात्रेत, झेब्राफिश या छोट्या माशाच्या नरांमध्येही अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार झालेलं दिसलं. मलप्रभा किंवा मार्कंडेय नदीला मिळणाऱ्या ओढ्यांतल्या माशांना पाणी बदलून राहता येत नाही.

माणसाचं म्हणाल तर पाण्यातून पोटात जाणारी मात्रा अन्नातून जाणाऱ्यापेक्षा फारच कमी, त्यामुळं विहिरीच्या पाण्याला घाबरायचं कारण नाही. पण पाणी उकळलं म्हणजे हे विष गेलं, असंही समजू नका. तेवढ्या उष्णतेला ते दाद देत नाही.

मग करायचं काय? बुरसलेली कणसं नि भिजलेली ताटं ओढ्याकाठी टाकायची सवय आधी सोडायला हवी. ढीग उंचवट्यावर, पाण्यापासून लांब, वरून झाकलेला असावा. बांधालगत गवताची पट्टी राखली तर वाहती माती अडते आणि मातीला चिकटलेलं झिअरालेनोनही बरंचसं अडतं. विरघळलेलं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल मात्र तिथून निसटतं. त्याला आळा घालायचा तर बुरशीच कमी करावी लागते. गुलाबी बुरशी ताटांच्या अवशेषांवर तग धरते आणि पुढच्या गव्हावर चढते. म्हणून मका निघाला की धसकटं नांगरून गाडावीत, आणि त्या रानात रब्बीला गव्हाऐवजी हरभरा घ्यावा.