फाळक्यावरचा वीस: ब्रिटनमधल्या जुन्या लॉऱ्यांच्या वेडामागचा इतिहास

जुन्या ब्रिटिश लॉरीचा कृष्णधवल फोटो समोर आला की नवखा माणूस गाडीचं तोंड बघतो. मुरलेला शौकीन मात्र आधी मागचा फाळका शोधतो. तिथं २० हा आकडा रंगवलेला दिसला, तर फोटो बहुधा १९५७ च्या आधीचा. जड मालवाहू गाड्यांना तेव्हा ताशी २० मैलांच्या पुढं जायची मनाई होती. त्या वर्षी ती मर्यादा ३० वर गेली. मग नजर बाजूला वळते. तिथं बारीक अक्षरांत रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, टन आणि हंड्रेडवेटमध्ये (हंड्रेडवेट म्हणजे टनाचा विसावा भाग). नंबरपाटीवरची अक्षरं गाडी कुठल्या परगण्यात नोंदली ते सांगतात. ही पद्धत १९०४ पासूनची. लोक आठवणी सांगतात त्या इंजिनाच्या आणि घाटांच्या, पण या गाड्या अशाच का दिसायच्या आणि एकाएकी दिसेनाशा का झाल्या, त्याचं उत्तर बहुतेक वेळा सरकारी कायद्यात सापडतं.

सुरुवातही कायद्यापासूनच आहे. १८९६ पर्यंत इंग्लंडच्या रस्त्यावर इंजिनावर चालणारी गाडी काढायची तर तिच्या पुढं एक माणूस पायी चालवावा लागे. त्या वर्षी हलक्या गाड्यांपुरती ती सक्ती गेली. त्याच वर्षी जर्मनीत गॉटलीब डाइम्लरने पहिली मोटार-लॉरी बांधली, आणि त्याच वर्षी लँकेशायरमधल्या लेलँड गावात एक वाफेची मालगाडी तयार झाली. आपल्याकडे ‘अशोक’च्या मागं लागणारं लेलँड ते हेच, मुळात ते एका गावाचं नाव आहे. चेशायरमधल्या सँडबॅचला फोडेन कंपनी होती, तिचीही ख्याती वाफेच्या गाड्यांवरच उभी राहिली.

पेट्रोलवर चालणाऱ्या लॉरीला खरा रेटा दिला तो लष्कराने. १९१२ च्या सुमारास ब्रिटिश युद्धखात्याने योजना काढली: आम्ही सांगू त्या मोजमापाची लॉरी ठेवा, आमच्याकडून अनुदान घ्या, युद्ध झालं तर गाडी आमची. १९१४ मध्ये युद्ध झालं आणि गाड्या गेल्या. १९१८ नंतर मात्र उलटा पूर आला. हजारो लष्करी लॉऱ्या विक्रीला निघाल्या, फौजेतून सुटलेल्या माणसांनी हाती आलेल्या पैशांतून एकेक घेतली आणि मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. लेलँडने तर आपल्याच गाड्या मोठ्या संख्येने परत विकत घेतल्या आणि दुरुस्त करून पुन्हा विकल्या. भलत्याच हातांनी डागडुजी केलेल्या आपल्याच गाड्या बाजारात फिरल्या तर नाव खराब होईल, ही धास्ती होती. या व्यवहारात कंपनी जवळजवळ बुडाली.

१९३० चं दशक या सगळ्या कथेचा गाभा आहे असं मला वाटतं. १९३३ च्या कायद्याने मालवाहतुकीला परवाने आले: दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा तर ‘ए’, फक्त स्वतःचा वाहायचा तर ‘सी’, आणि दोन्हीचं मिश्रण असेल तर ‘बी’. त्याच वेळी रिकाम्या वजनावरचा कर चढला. वाफेची गाडी म्हणजे बॉयलरचं ओझं कायमचं पाठीवर. तिचा हिशेब जमेना. उलट हलक्या गाडीला कर कमी आणि वेगाची मुभा जास्त, म्हणून कारखाने शक्य तितकी हलकी लॉरी बांधू लागले. तीत क्षमतेच्या दीडपट माल कोंबायचा, हे पुढचं ओघानेच आलं.

फोडेन घराण्यातही याच प्रश्नावर फूट पडली. एडविन रिचर्ड फोडेन यांना दिसत होतं की पुढचा काळ डिझेलचा आहे. कंपनी त्यांच्या वेगाने हलेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि १९३३ मध्ये त्यांच्या आद्याक्षरांची ईआरएफ उभी राहिली. इंजिन गार्डनर या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं डिझेल. पहिल्या चासीला क्रमांक दिला ६३, कारण तेच त्यांचं वय होतं. निवृत्तीच्या वयात माणूस नवी कंपनी काढतो आणि वय चासीवर कोरून ठेवतो! अशा गोष्टींमुळेच चासी नंबर पाठ असणारी माणसं तयार होतात.

गार्डनरची सहा सिलिंडरची इंजिनं जेमतेम १०० अश्वशक्तीची, पण अतिशय टिकाऊ. आठ चाकांची लॉरी, मालासकट २० टनांच्या वर वजन, आणि समोर उत्तरेकडच्या ए-६ रस्त्यावरचा शॅपचा चढ. जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणी हटकून इथं येऊन थांबतात. केबिनमध्ये हीटर क्वचितच. बर्फात ओव्हरकोट घालून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं आणि ‘जंगल कॅफे’त चहाला थांबायचं. १९७० मध्ये एम-६ महामार्ग शॅपवरून गेला आणि तो चढ लॉऱ्यांपुरता संपला.

मधे राष्ट्रीयीकरण येऊन गेलं. १९४७ च्या कायद्यानंतर लांब पल्ल्याचा धंदा ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’कडे गेला, बाहेर राहिलेल्या, भाड्याने माल वाहणाऱ्या मालकांना २५ मैलांची हद्द. गावोगावच्या मालकांचे आपापले रंग आणि हाताने काढलेली सोनेरी अक्षरं पुसली गेली, वर सरकारी लाल आणि हिरवा चढला. १९५३ पासून गाड्या पुन्हा खाजगी मालकांना विकल्या जाऊ लागल्या, तसे रंग परतले.

हे रंग फोटोवरून ओळखणं मोठं कठीण. कारखाने नव्या गाडीचा अधिकृत फोटो काढत आणि मागची पार्श्वभूमी खोडून टाकत, त्यामुळे फोटो खणखणीत आहेत. पण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल प्रकाश न टिपणाऱ्या, फोटोच्या काचांवर लाल जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिका. फोटोवर विसंबून लाल गाडी काळी रंगवायला वेळ लागत नाही. म्हणून जाणकार दाराचा कोपरा घासून थरावर थर उलगडत खालचा मूळ रंग शोधतात.

जतन करण्याची हौस संघटित झाली ती १९५८ मध्ये, ‘हिस्टॉरिक कमर्शियल व्हेइकल क्लब’ निघाला तेव्हा. १९६२ पासून त्यांची लंडन ते ब्रायटन फेरी सुरू झाली. वेळ बरोबर साधली म्हणायची, कारण १९६८ मध्ये जड गाड्यांना दरवर्षी तपासणी सक्तीची झाली. आपल्या भाषेत, पासिंग. ज्या गाड्या अजून रोज काम करत होत्या त्यांचे ब्रेक त्यात टिकेनात, आणि मालकांनी त्या सरळ भंगारात घातल्या. उरल्या त्या जत्रेतल्या पाळणेवाल्यांकडच्या, किंवा मागं क्रेन बसवून बंद गाड्या ओढायला ठेवलेल्या. त्यांच्याही केबिनचा लाकडी सांगाडा बहुधा कुजलेला. पत्रा काढला की भुसा हाती येई.

नंतर कारखानेच गेले. साउथॉलचा एईसी १९७९ मध्ये, वॉटफर्डचा स्कॅमेल १९८८ मध्ये बंद झाला; फोडेन २००६ ला आणि ईआरएफ २००७ ला थांबली. लेलँड गावात आजही ट्रक बनतात, पण डॅफ या डच कंपनीच्या नावाने. तिथंच जुन्या कारखान्याच्या आवारात १९८३ पासून व्यावसायिक वाहनांचं संग्रहालय आहे.

आजच्या नियमात १९६० पूर्वीच्या लॉरीला वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. त्यासाठी गाडी रिकामी असली पाहिजे. म्हणून मेळाव्यात हौद्यावर दोरखंडांनी करकचून बांधलेला माल दिसला तरी ती बहुधा पोकळ खोकी आणि रिकामी पिंपं असतात.