वहीतून नाव खोडलं, हळद पेवातच

शेजारच्या काकू भर दुपारी दार वाजवतात तेव्हा बहुतेक त्यांचा मोबाईल 'अडकलेला' असतो. परवा मात्र त्यांच्या मुठीत कॅमेऱ्याचं कार्ड होतं. सुनेच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो त्यात होते. भाचा कॅमेऱ्याशी खेळत बसला, 'फॉरमॅट'वर बोट पडलं आणि ३२ जीबीचं कार्ड कोरं झालं. "दुकानात दाखवून आले. पुण्याला पाठवावं लागंल म्हणतात, सहा-सात हजार खर्च, वर मिळतीलच असं नाही. सर, गेलं का हो सगळं?"

सगळं गेलं नव्हतं. का गेलं नव्हतं, हे तिथेच उंबऱ्यावर सांगायचा मोह मला झाला होता. पण काकूंना फोटो हवे होते, व्याख्यान नको होतं. ते इथे देतो.

डिलीट म्हणजे फळा पुसणं, असं आपण धरून चालतो. संगणक फळा पुसत नाही. त्याचं काम कसं चालतं ते सांगलीकराला सांगायचं तर शेजारच्या हरिपूरच्या पेवांकडे बघावं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, पोट मात्र प्रचंड. तोंड लिंपून बंद केलं की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, तेव्हापासून ही पद्धत मोडत गेली. आता माल गोदामात किंवा शीतगृहात जातो. पण हिशेब तोच. अमक्याची एवढी पोती, तमक्या नंबरच्या पेवात, अशी ओळ वहीत असते. समजा दिवाणजींनी ती ओळ खोडली. पेवातली हळद हलली का? मुळीच नाही. फक्त त्यांच्या लेखी ते पेव आता रिकामं आहे, आणि दुसरा कोणी माल घेऊन आला की ते बिनदिक्कत त्याला देतील. तोवर जुनी हळद आहे तिथेच आहे.

३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर ही वही बहुधा 'फॅट ३२' नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. (त्याहून मोठ्या कार्डांवर 'एक्सफॅट' असतं, तत्त्व तेच.) प्रत्येक फाइलसाठी वहीत ३२ बाइटची (बाइट म्हणजे ० ते २५५ पैकी एक आकडा) एक ओळ: नाव, आकार, आणि फाइल ज्या कप्प्यात, म्हणजे कार्डावरच्या पेवात, सुरू होते त्याचा नंबर. दुसरा एक तक्ता असतो, त्यात या कप्प्यानंतर पुढचा कुठला हे लिहिलेलं. ४ एमबीचा फोटो आणि ३२ केबीचे कप्पे धरले तर १२८ कप्प्यांची साखळी झाली. तुम्ही 'डिलीट' म्हणालात की ओळीतल्या नावाचं पहिलं अक्षर जातं, त्या जागी २२९ हा आकडा बसतो आणि साखळीच्या तक्त्यात १२८ ठिकाणी शून्य पडतं. बस. फोटोचा एकही बाइट जागचा हलत नाही. दोन जीबीचा सिनेमा पेन ड्राइव्हवर भरायला काही मिनिटं लागतात आणि उडवायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही, त्याचं कारण हेच.

(२२९ हाच आकडा काही जपानी नावांच्या सुरुवातीला खरोखरच येऊ शकतो. मग फाइल जिवंत असूनही मेलेली दिसायची! त्यावर तोड म्हणून अशा नावात तिथे ५ लिहितात. असले बारकावे वाचले की माझा दिवस बरा जातो.)

फॉरमॅट ही त्याच्या पुढची पायरी. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात ना, तसं. जुनी वही बाजूला, नवी कोरी. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुधा एवढंच करतं. पेवं भरलेलीच, पण कुठल्या पेवात काय आहे हे सांगणारं कागदावर काही नाही. मग शोधायचं कसं?

एकेक पेव उघडायचं आणि वास घ्यायचा.

प्रत्येक प्रकारच्या फाइलचा सुरुवातीचा 'वास' ठरलेला असतो. जेपेग फोटो नेहमी २५५, २१६, २५५ या तीन बाइटनी सुरू होतो. पीडीएफची सुरुवात ३७, ८०, ६८, ७०. वर्डची आजकालची फाइल ८०, ७५ ने उघडते. ही दोन रोमन अक्षरं, 'पी' आणि 'के'. १९८९ मध्ये फाइली दाबून एकत्र बांधायची झिप ही पद्धत आणणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. वर्डची फाइल ही आतून झिपची पुरचुंडीच असते, त्यामुळे तुमच्या प्रत्येक अर्जाच्या आणि बायोडेटाच्या कपाळावर त्या माणसाची सही आहे.

आता शंका यावी: फोटोच्या पोटात, रंगांच्या आकड्यांत, चुकून २५५, २१६, २५५ असा क्रम आला तर? बाइटला २५६ किमती, म्हणजे तीन बाइट योगायोगाने जुळायची शक्यता १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मध्ये एक. कमी आहे, पण ३२ जीबीत अब्जावधी बाइट असतात, तेव्हा अशी जुळणी हजारो वेळा व्हायला हवी. इथे दोन गोष्टी कामाला येतात. एक म्हणजे फाइल नेहमी कप्प्याच्या तोंडाशीच सुरू होते, त्यामुळे मधल्या बाइटकडे बघायचंच कारण नाही. दुसरी गोष्ट जेपेग ठरवणाऱ्यांच्या डोक्यातली, आणि मला ती फार आवडते. चित्राच्या दाबून बसवलेल्या माहितीत २५५ आला, की त्याच्या लगेच पुढे मुद्दाम एक ० घुसवायचा, असा नियम आहे. फोटो उघडणारा प्रोग्रॅम तो ० गाळून टाकतो. म्हणजे चित्राच्या माहितीत २५५ नंतर २१६ येऊच शकत नाही. जिथे आला तिथे नवीन फोटो सुरू. २५५, २१७ दिसलं की फोटो संपला. दुकानदाराने मालाच्या पोत्याला पांढरी सुतळी कधीच वापरायची नाही, ती फक्त नंबरच्या चिठ्ठीला, असं ठरवल्यासारखं.

गंमत पुढे आहे. कॅमेऱ्याच्या फोटोच्या आत बहुधा त्याच फोटोची इवलीशी प्रत असते, तीही जेपेगच, आणि तीही २५५, २१६ नेच सुरू होते. म्हणजे सुरुवातीच्या आत सुरुवात आणि शेवटाच्या आधी शेवट. ती प्रत बसते मथळ्याच्या (फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींच्या) मजकुरात, चित्राच्या माहितीत नाही, म्हणून ० चा नियम तिला लागत नाही. पहिला शेवट दिसताच थांबलेला प्रोग्रॅम तुम्हाला टपाल तिकिटाएवढा फोटो हातात देईल. चांगला प्रोग्रॅम मथळ्याची लांबी मोजतो आणि ती ओलांडून पुढे जातो. इथपर्यंत वाचक टिकला असेल तर त्याला नमस्कार. नसेल तर त्याने इथून पुढे वाचावं.

हे काम करणारा 'फोटोरेक' हा प्रोग्रॅम फुकट आहे. क्रिस्तोफ ग्रेनिये यांनी तो लिहिला, त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, तोही खुला आहे. नाव फोटोचं असलं तरी तो शेकडो प्रकारच्या फाइली हुंगून काढतो. काळी खिडकी आणि इंग्रजी ओळी बघून घाबरायला होत असेल, तर त्याच्याच सोबत 'क्यूफोटोरेक' मिळतो, त्यात माऊस चालतो. मूळ कार्डावर तो काहीही लिहीत नाही, ही त्याची खरी लायकी.

काकूंचं कार्ड लावलं, सापडलेल्या फाइली माझ्या डिस्कवर जातील असं ठरवून दिलं आणि चहा ठेवला. काळ्या खिडकीत 'जेपीजी'समोरचा आकडा सरकू लागला. ४०, ९०, १७०. काकू चष्मा लावून तो आकडा मोठ्याने वाचत होत्या, जणू मतमोजणी चालू आहे. शेवटी ३११ वर थांबला. नावं अर्थातच गेली होती. नाव वहीत असतं, मालात नसतं. 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा, अशी सगळी पिल्लावळ. पण फोटो काढल्याची तारीख-वेळ फोटोच्या आतच असते, तिच्यावरून क्रम लावता आला.

रांगोळी आणि ओटीच्या ताटाचे फोटो मात्र नव्हते. मी भाच्याला फोन लावला. "फॉरमॅट झाल्यावर काय केलंस?" जरा वेळ शांतता, मग, "कार्ड चालतंय का बघितलं की. मोतीचे फोटो काढले." अकरा फोटो. नवी वही, पहिली पेवं मोकळी, तिथेच मोतीला बसवला. सुरुवातीचे फोटो त्याच्याखाली कायमचे गेले.

म्हणून चूक झाली की पहिलं काम म्हणजे हात काढून घेणं. कार्ड बाहेर, पेन ड्राइव्ह बाहेर. फाइल वाचवायचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर डाउनलोड करणं म्हणजे हळद शोधायला गेलेल्याने त्याच पेवात गूळ ओतणं. पेन ड्राइव्हवरून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही हेही लक्षात असू द्या. ती सोय मुख्यतः संगणकाच्या आतल्या डिस्कसाठी. तिथून 'शिफ्ट' दाबून उडवली असेल तर विंडोजच्या 'एनटीएफएस' पद्धतीत नावासकट परत मिळायची शक्यता बरी असते, कारण तिथली वही ओळ खोडताना साखळी लगेच विसरत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० पासून 'विंडोज फाइल रिकव्हरी' हे स्वतःचं हत्यार फुकट दिलं आहे, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात.

एवढं वाचून 'काहीही परत मिळतं' असं वाटलं असेल तर तीही अंधश्रद्धाच. अलीकडच्या लॅपटॉपात एसएसडी असते, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपची डिस्क. तिच्या चिपमध्ये जुन्यावर नवं लिहिता येत नाही. आधी शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, अशी सोय झाली की फाइल उडवताच विंडोज डिस्कला कळवतं: ही पेवं आता नकोत. याला 'ट्रिम' म्हणतात. निरोप मिळताच डिस्क सवडीने झाडलोट करते, आणि त्याआधीही तिथे वाचायला गेलं तर बहुतेक वेळा नुसती शून्यं देते. इथे फोटोरेकच काय, पुण्याची प्रयोगशाळाही फारसं काही करू शकत नाही. साध्या पेन ड्राइव्हना बहुधा हा निरोप जातच नाही, म्हणून दोनशे रुपयांच्या पेन ड्राइव्हमधली फाइल परत मिळते आणि पन्नास हजारांच्या लॅपटॉपमधली नाही.

आणि ते 'क्लीनर', 'बूस्टर', 'एका क्लिकमध्ये संगणक वेगवान'. यांचं तर पेवच फुटलंय. रजिस्ट्री (विंडोजची स्वतःच्या सेटिंग्जची वही) साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. खंडेनवमीला सीपीयूला हळद-कुंकू वाहायला माझी हरकत नाही, ते निदान यूएसबीच्या खाचेत जाऊ नये एवढीच विनंती. बूस्टरपेक्षा ते निरुपद्रवी आहे.

उलटा प्रश्न गणपती पेठेतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांचा. दुकानातला जुना संगणक विकायचा होता, डिस्कवर दहा वर्षांची उधारी. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक'ची खूण काढून फॉरमॅट केलं की सबंध डिस्कवर शून्यं लिहिली जातात, तेवढं पुरे, असं मी सांगितलं. त्यांनी कुठेतरी ३५ वेळा पुसावी असं ऐकलं होतं. ते ३५ पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आलेले आहेत, त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठी; लोक ते भूत उतरवायच्या मंत्रासारखे वापरतात, अशी टीका पुढे त्यांनी स्वतःच केली. आजच्या चकतीच्या डिस्कला एक फेरी बास.

"एकदाच?" व्यापाऱ्यांचा चेहरा पडला. ५०० जीबीच्या त्या डिस्कला एक फेरी जवळजवळ दोन तासांची. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "तीनदा पुसली. रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवलं."

दोनदा का नाही, म्हटलं.

"सम आकडा नको."