वटवाघळं मोजायची तरी कशी?

सस्तन प्राण्यांच्या सुमारे ६,५०० ज्ञात जातींपैकी जवळपास दर पाचवी जात वटवाघळाची आहे. उंदीर-खारींचा गट सोडला तर एवढा मोठा गट दुसरा नाही. पण पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो, तशी सोय इथे नाही. रात्री उडणारा दहा-पंधरा ग्रॅमचा प्राणी मोजायला वेगळी साधनं लागतात आणि त्यातल्या प्रत्येक साधनातून काही जाती निसटतातच.

सर्वांत जुनं साधन म्हणजे बारीक नायलॉनचं जाळं. पायवाटेवर किंवा ओढ्यावर, जिथे फांद्यांमुळे उडायची वाट अरुंद होते, तिथे ते आडवं लावायचं. दोन दोऱ्यांमधली जाळी ढिली, झोळीसारखी लोंबती हवी. ताठ बसली तर वाघूळ आपटून निघून जातं. सूर्यास्ताला जाळं उघडलं की दर दहा मिनिटांनी फेरी मारावी लागते. उशीर झाला की प्राणी जाळं कुरतडतो किंवा गुंतत जाऊन पंखाचा पडदा फाटतो. सोडवताना तो ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने, शेवटी अडकलेला भाग आधी मोकळा करायचा. मग कापडी पिशवीसकट वजन करून पिशवीचं वजन वजा करायचं आणि कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजायची. जात ओळखायला ही लांबी फार उपयोगी पडते. पोटाला पिल्लू बिलगलेली मादी सापडली तर मोजमापाचा मोह टाळून लगेच सोडावी. रेबीजची प्रतिबंधक लस न घेतलेल्या माणसाने या कामात हात घालूच नये.

उंचावरून उडणारी वाघळं जाळ्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रक लागतो. आपल्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ. कीटक खाणारी वाघळं आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतात. त्यांतल्या बहुतेकांचे आवाज या मर्यादेच्या वरचे, काहींचे १०० च्याही पुढचे. १२० किलोहर्ट्झचा आवाज पकडायचा तर यंत्राने आवाजाचे सेकंदाला किमान दुप्पट, म्हणजे २,४०,००० नमुने घ्यायला हवेत. फसगत होते ती पुढे. उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो, त्यामुळे काही जाती यंत्राच्या अगदी जवळून गेल्या तरच ऐकू येतात. शिवाय एकच वाघूळ घिरट्या घालून पन्नास नोंदी देऊ शकतं, म्हणजे नोंदींची संख्या ही वाघळांची संख्या नव्हे. फळं खाणारी मोठी वाघळं तर बहुतेक अशा आवाजाच्या भरवशावर उडतच नाहीत. ती झाडावरून संध्याकाळी उडताना मोजावी लागतात.

गुहेत शिरून मोजणं सोपं वाटतं, पण शीतनिद्रेतलं वाघूळ जागं झालं की साठवलेली चरबी जाळतं. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात आढळलेला ‘पांढरं नाक’ रोग नेमका असाच मारतो. नाकावर आणि पंखांवर बुरशी वाढते, प्राणी वारंवार जागा होतो आणि हिवाळा सरायच्या आत चरबी संपते. बाहेर कीटक नसतात. या रोगाने लाखो वाघळं मेली. बुरशी मुख्यतः वाघळांकडूनच एकमेकांना लागते, पण बूट आणि दोरांवरूनही ती पसरू शकते. म्हणून पाण्याने खराब न होणारं सामान ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवतात.

माणसांना रोखायला गुहेला सरळ दार लावणं हा मात्र उलटा उपाय. हवेची ये-जा बदलते, तापमान बदलतं आणि वाघळं गुहाच सोडतात. त्याऐवजी आडव्या गजांचं फाटक बसवतात. दोन गजांमध्ये साधारण १५ सेंटिमीटर फट असली की वाघूळ जातं, माणूस जात नाही. काम अर्थातच गुहा रिकामी असतानाच करायचं.

एवढी काळजी का, तर बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. उंदरांची संख्या कोसळली तरी काही हंगामांत भरून येते. वाघळांना दशकं लागतात. पवनचक्क्यांखालचे मृत्यू म्हणूनच महाग पडतात. तिथे उपाय साधा आहे: रात्री वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर होईपर्यंत पाती फिरू द्यायची नाहीत. वाघळं जास्त उडतात ती मंद वाऱ्यातच, त्यामुळे अनेक चाचण्यांत मृत्यू निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. मंद वाऱ्यात वीज मुळातच कमी तयार होत असल्याने तोटाही थोडाच होतो.