पार्श्वभूमी : माशी, काच आणि शिस्त

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ब्राँझ जिंकलं. गुण होते 451.4. त्यानंतर आमच्या खारघरच्या सोसायटीत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "त्याच्या रायफलीला दुर्बीण होती का हो?"

नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची चकती, पुढे नळीच्या टोकाला एक गोल कडं, हीच साइट, एवढ्यावरच सगळा खेळ. पण दुर्बीण असो वा नसो, बंदूक 'झिरो' करावीच लागते, म्हणजे नजर जिथे टेकते तिथेच गोळी पोचेल अशी साइट लावून घ्यावी लागते. नेम चांगला असणं वेगळं आणि बंदूक झिरो असणं वेगळं. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

जुन्या मराठीत नळीच्या टोकावरच्या खुणेला 'माशी' म्हणत आणि नेम धरण्याला 'शिस्त धरणं'. शब्द फारसीतून आलेला. आज शिस्त म्हटलं की शाळेची रांग आठवते. रेंजवर उभं राहिलं की दोन्ही अर्थ एकच वाटू लागतात.

झिरो करायचं कारण साधं आहे. नजर जाते सरळ रेषेत, गोळी जात नाही. ती नळीतून सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागते. 10 मीटर एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने जातो. एवढ्याशा अंतरातही तो दीड सेंटिमीटरच्या वर खाली येतो. टार्गेटवरचं काळं वर्तुळ 30.5 मिलिमीटरचं, आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे नळी अगदी मधोमध रोखली तर छर्रा काळ्याच्या खालच्या कडेला जाऊन बसेल. ही तूट साइट भरून काढते. नळी किंचित वर पाहते आणि नेमबाजाला ते जाणवतही नाही.

लांब पल्ल्याच्या रायफली आल्या तेव्हा ही तूट हातभर, पुरुषभर झाली. 1853 च्या एनफिल्डवर, 1857 च्या काडतुसांमुळे आपल्याकडे जी सगळ्यांना माहीत आहे त्याच रायफलीवर, मागची साइट शिडीसारखी उभी राहायची आणि तिच्यावर शेकडो यार्डांच्या खुणा असायच्या. 1853 मध्येच इंग्लंडात हाइथ इथे शिपायांना अंतर ओळखून नेम धरायला शिकवणारी शाळा निघाली. पुढे 2 जुलै 1860 ला विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून केलं. 400 यार्डांवरून गोळी टार्गेटच्या मधोमध लागली. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली होती. रायफल लोखंडी घोडीवर जखडलेली होती आणि ती बनवणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थने ती आधीच लावून ठेवली होती. झिरो करणं म्हणजे काय, ते याहून चांगलं मला समजावता येणार नाही.

काचेचा, म्हणजे दुर्बिणीचा, इतिहास मात्र खगोलशास्त्रातून येतो. 1640 च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज तरुणाच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणला. धागा आणि तारा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि तिथून दुर्बिणीतली फुली आली. रायफलीवर ती बसायला दोनशे वर्षं लागली. अमेरिकेत चॅपमन आणि जेम्स यांच्या दुर्बिणी जवळजवळ नळीइतक्या लांब असत, आणि फुली हलत नसल्यामुळे अख्खी दुर्बीणच तिच्या बैठकीवर सरकवावी लागे. 1880 च्या सुमारास ऑस्ट्रियात ऑगस्ट फीडलरने वापरायला सुटसुटीत दुर्बीण केली. आजच्या दुर्बिणीवरचं टिक-टिक वाजणारं बटण ही त्या सरकवण्याचीच सुधारलेली तऱ्हा. बऱ्याच दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर. गोळ्या 10 सेंटिमीटर खाली पडत असतील तर 14 क्लिक वर. दुर्बीण नसलेल्या रायफलीच्या मागच्या चकतीलाही अशीच क्लिकची बटणं असतात.

पण एका गोळीवरून क्लिक फिरवायचं नाही. आधी तीन किंवा पाच गोळ्यांचा झुबका पाहायचा आणि त्याच्या मध्यावरून हिशेब करायचा. झुबकाच विस्कटलेला असेल तर दोष साइटचा नाही, श्वासाचा किंवा बोटाचा आहे.

आपल्याकडे या खेळाला संघटनेचं रूप 1951 मध्ये आलं, नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्थापनेने. पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. मुंबईकर नेमबाज वरळीच्या रेंजवर घडले. खाडीच्या या बाजूला पनवेलचं नाव झालं ते सुमा शिरूर यांच्यामुळे. 2004 च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत क्वालालंपूरला 400 पैकी 400 गुण, त्याच वर्षी अथेन्सची फायनल, आणि पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखराचं टोकियो पॅरालिंपिकचं सुवर्ण.

तरी सगळ्यात बोलका प्रसंग बीजिंग ऑलिंपिकचा, 2008 चा. अभिनव बिंद्राची फायनलआधीची सरावाची गोळी चार गुणांच्या आसपास गेली. पात्रता फेरी आणि फायनल यांच्या मधल्या वेळेत साइट हलली होती, असं त्यानेच नंतर सांगितलं. उरलेल्या थोड्या वेळात त्याने क्लिक मोजत ती जागेवर आणली. शेवटची गोळी 10.8 (जास्तीत जास्त 10.9 मिळतात), एकूण 700.5, सुवर्ण.

माझी भाची पनवेलला क्लबची रायफल वापरते. तीच रायफल आणखी दोन मुलं वापरतात. प्रत्येकाचा गाल लाकडावर वेगळ्या जागी टेकतो, म्हणून प्रत्येकाचा झिरोही वेगळा. तिच्या वहीत मागच्या पानावर तारखेपुढे पेन्सिलीने लिहिलेलं असतं : "डावीकडे 2, खाली 1." तिच्या आईला स्कोअरचं पान आधी पाहायचं असतं. मी हे पान पाहतो. स्पर्धेत तयारीला आणि साइट लावायला 15 मिनिटं मिळतात, त्यात हव्या तितक्या गोळ्या. त्यानंतर 60 गोळ्या, 75 मिनिटं, आणि प्रत्येक मोजली जाते. गेल्या स्पर्धेत ती त्या 15 मिनिटांतली 11 मिनिटं बटणाला हात न लावता नुसता झुबका जमवत बसली होती. मग दोन क्लिक फिरवले, टिक, टिक, आणि तिने वही बंद केली.