कॅलासच्या दोन ‘नॉर्मा’: १९५४ ची की १९६० ची?

कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर ‘कॅलास नॉर्मा’ टाकलं की दोन अल्बम एकाखाली एक येतात आणि नवीन माणसाची पंचाईत होते. ऑपेरा तीच, इटालियन संगीतकार बेल्लिनीची ‘नॉर्मा’. गायिका तीच, मारिया कॅलास. कंडक्टर तोच, तुल्लिओ सेराफिन. ऑर्केस्ट्रा आणि कोरस दोन्हीकडे मिलानच्या ला स्काला ऑपेरा थिएटरचा, कंपनी दोन्ही वेळा ईएमआय (तो सगळा माल आता वॉर्नरकडे आहे), प्रोड्यूसरसुद्धा दोन्हीकडे वॉल्टर लेगच. मग होतं काय, की एकाने ऐकलेली असते एक आणि दुसऱ्याने दुसरी, आणि दोघं तासभर वाद घालतात की आवाज थरथरतो का नाही थरथरत. दोघंही बरोबर असतात.

ओळखायचं सोपं आहे, कॅलासचं नाव सोडा आणि टेनरचं, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकाचं, नाव बघा. मारिओ फिलिप्पेस्की दिसला की ती १९५४ ची, मोनो. फ्रांको कोरेल्ली दिसला की १९६० ची, स्टिरिओ. पहिली एप्रिलच्या शेवटाला आणि मेच्या सुरुवातीला मिलानच्या चिनेमा मेट्रोपोलमध्ये रेकॉर्ड केली, दुसरी सप्टेंबरमध्ये खुद्द ला स्काला थिएटरात. मध्ये सहा वर्षं गेली. पहिल्या वेळी बाई तिशीच्या, दुसऱ्या वेळी छत्तिशीच्या.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. रोमन लोकांच्या ताब्यातला गॉल देश. नॉर्मा तिथली मुख्य पुजारीण, कौमार्यव्रत घेतलेली, आणि गुपचूप शत्रूच्या सेनापतीपासून, म्हणजे पोल्लिओनेपासून, दोन मुलं झालेली. आता या गृहस्थाचं मन आदाल्जीझा नावाच्या कोवळ्या पुजारिणीवर आलंय, आणि ती बिचारी सल्ला मागायला येते ती नेमकी नॉर्माकडेच. बेल्लिनीने हे १८३१ मध्ये लिहिलं, २६ डिसेंबरला ला स्कालात पहिला प्रयोग झाला, तो साफ पडला, आणि नंतर मात्र हीच ऑपेरा सोप्रानो (सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका) लोकांची कसोटी होऊन बसली. लिली लेमान नावाची जुनी जर्मन गायिका म्हणायची की एका नॉर्मापेक्षा वाग्नरच्या ‘रिंग’ मालिकेतल्या तिन्ही ब्रुनहिल्डे (तिथली दमवणारी सोप्रानो भूमिका) गायलेल्या परवडल्या. वाग्नर ऐकलेल्यांना कळेल की हे किती मोठं विधान आहे.

अवघड का, तर या पद्धतीच्या गाण्यात लपायला जागाच नाही. खाली ऑर्केस्ट्रा बराचसा साधा, बऱ्याचदा नुसती झुलती साथ धरून असतो आणि वर आवाज एकटा लांबच लांब ओळ ओढत नेतो, दमसास संपत आला तरी ते कळू द्यायचं नाही, वर ताना, मुरक्या, ट्रिल, आणि हे सगळं करताना पात्रही जिवंत ठेवायचं. कॅलासने ही भूमिका आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा केली. पहिल्यांदा १९४८ च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सला, तेव्हाही सेराफिनच समोर उभा होता. म्हणजे या दोन रेकॉर्ड म्हणजे त्याच गुरू-शिष्येच्या मुरलेल्या कामाचे दोन टप्पे.

आता नेहमीचं मत असं की ५४ मध्ये आवाज आणि ६० मध्ये अभिनय. खोटं नाही, पण मला ते अर्धवट वाटतं. ५४ मध्येसुद्धा अभिनय ओतप्रोत आहे. माझ्या मते खरा फरक कॅलासमध्ये कमी आणि तिच्या आजूबाजूच्या माणसांमध्ये जास्त आहे, आणि नॉर्मा हे जर तीन माणसांच्या गुंत्याचं नाटक मानलं तर ती आजूबाजूची माणसं कोण आहेत यावरच सगळं ठरतं.

आधी ‘कास्ता दीवा’ घेऊ, कारण सगळे तेच आधी लावतात. बासरी सूर धरते, मग नॉर्मा चंद्रदेवतेची प्रार्थना सुरू करते, आणि प्रत्येक कडव्यात एक चढण आहे जिथे वर पोचल्यावर तिला एकाच स्वरावर पुन्हापुन्हा, तालाच्या मध्येमध्ये ठोके देत राहावं लागतं, आणि मग तिथून एक पायरी वर जाऊन ती ओळ फुटते आणि हळूहळू खाली ओघळते. ५४ मध्ये हे ठोके एकसारखे, भरीव, आणि वरचा स्वर असा लागतो की मागचा अख्खा कोरस तिच्या ताब्यात आहे यावर विश्वास बसतो. ६० मध्ये तोच वरचा स्वर जरा सैल पडतो, लांबवला की हलतो, ज्याला वॉबल म्हणतात ते. पण आवाज कमी ठेवून ती जे आत वळते ते ६० मध्येच. ५४ ची नॉर्मा लोकांसमोर पूजा करते, ६० ची स्वतःसाठी काहीतरी मागते. तरीही नुसतं हे गाणं हवं असेल तर मी ५४ लावीन. लांब ओळ सलग ऐकू येणं हाच त्या गाण्याचा प्राण आहे, त्याला दुसरं काही पर्याय नाही.

आता पुढे चला, जिथे फारसं कुणी क्लिप काढत नाही. पहिल्या अंकाच्या उत्तरार्धात आदाल्जीझा येते आणि घाबरत घाबरत सांगते की देवळात एक माणूस भेटला आणि माझं मन गेलं. तो कोण हे नॉर्माला अजून माहीत नाही. आदाल्जीझा एकेक ओळ सांगते आणि मध्येमध्ये नॉर्मा स्वतःशीच म्हणते, ‘ओ रिमेम्ब्रान्झा’, अगं, माझंही असंच झालं होतं. प्रसंग साधा आहे, पण पूर्ण ऑपेराचं वजन यावर आहे. ५४ मध्ये आदाल्जीझा आहे एबे स्तिन्यानी. फार थोर गायिका, इटलीत तिच्या पिढीतली अव्वल मेझो (सोप्रानोपेक्षा जरा खालचा बायकी आवाज), लंडनला १९५२ मध्येही कॅलासबरोबर हीच भूमिका केलेली. पण रेकॉर्डिंगच्या वेळी ती पन्नाशीची होती, म्हणजे नॉर्मापेक्षा वीस वर्षांनी मोठी, आणि ते ऐकू येतं राव! आवाज भरदार, घट्ट, मावशीबाईंसारखा. ती कबुली देतेय असं वाटण्याऐवजी नॉर्मालाच समजावतेय असं वाटतं.

६० मध्ये तिथे क्रिस्टा लुडविग आहे, बत्तीस वर्षांची जर्मन मुलगी, इटालियन उच्चार काही अस्सल नाहीत, पण आवाजात ओलावा आणि घाबरटपणा दोन्ही. आणि कॅलासची ती स्वतःशी पुटपुटलेली वाक्यं इथे एकदम वेगळी होतात कारण समोर खरंच कुणीतरी लहान उभं आहे. दुसऱ्या अंकातलं ‘मिरा ओ नॉर्मा’ ऐका, दोन आवाज बरोबरीने एकमेकींना धरून चालतात. ५४ मध्ये दोन मोठ्या गायिका एकत्र गाताहेत हे कळतं, ६० मध्ये ते दोन आवाज एकमेकांत मिसळून जातात आणि मग भांडण मिटलंय हे गाण्यातूनच कळतं, शब्द समजायची गरज राहत नाही. (गंमत म्हणजे बेल्लिनीची मूळ आदाल्जीझा मेझो नव्हतीच, जूलिया ग्रीसी नावाची जेमतेम विशीची सोप्रानो होती. ही भूमिका मेझोंकडे गेली ती नंतरच्या काळात.)

पोल्लिओनेचं तर विचारूच नका. फिलिप्पेस्की प्रामाणिक आहे, मोठा आवाज आहे, पण एका पुजारिणीने व्रत मोडावं आणि दुसरीने मोडायची तयारी करावी इतकं त्याच्यात काय होतं हे कळत नाही. कोरेल्लीच्या पहिल्या चार ओळींत कळतं. तो उद्धट आहे, देखणा आहे (हो, आवाजसुद्धा देखणा असतो), आणि स्वतःवर खूश आहे. त्याचे कॅलासबरोबरचे नॉर्माचे प्रयोग बरेच जुने, २ जानेवारी १९५८ ला रोममध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेक्षकांत असताना आवाज बसल्यामुळे ती पहिल्या अंकानंतर निघून गेली आणि देशभर बोंबाबोंब झाली, त्या रात्रीचा पोल्लिओनेही तोच. नॉर्माच्या वडिलांच्या भूमिकेतले दोन बास (खर्जातल्या आवाजाचे गायक), ५४ ला रॉसी-लेमेनी आणि ६० ला झकारिया, यांत मला झकारिया जास्त स्थिर वाटतो, पण त्यासाठी कुणी रेकॉर्ड घेत नाही.

मग ६० मध्ये तोटा कुठे, तर नॉर्मा चिडते तिथे. पहिल्या अंकाच्या शेवटी पोल्लिओने समोर येतो, तिला सगळं उमगतं आणि ती ‘ओ नॉन त्रेमारे’ म्हणत त्याच्यावर तुटून पडते. इथे झेप घेऊन वरच्या टोकाला पोचायचं असतं आणि ५४ मध्ये ते चाबकासारखं लागतं. ६० मध्ये पोचते ती, पण स्वर किंचाळल्यासारखा आणि डगमगता, हेडफोनवर तर जरा कानाला टोचतोच. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. १९६० च्या त्या वर्षी ती रंगमंचावर फार कमी उभी राहिलेली, ऑगस्टमध्ये ग्रीसला एपिदाव्रोसच्या प्राचीन थिएटरात सेराफिनबरोबर नॉर्मा केली आणि लगेच पुढच्या महिन्यात हे रेकॉर्डिंग.

सेराफिनबद्दल दोन शब्द. तो १८७८ चा, म्हणजे दुसऱ्या वेळी ब्याऐंशी वर्षांचा. दोन्हीकडे तो त्या काळच्या रिवाजाप्रमाणे काही पुनरावृत्ती कापतो, त्यामुळे ‘पूर्ण’ नॉर्मा हवी असेल तर या दोन्ही नाहीत, १९६४ ची सदरलंड आणि मॅरिलिन हॉर्नची ऐका. ६० मध्ये त्याची लय मला जरा जास्त ऐसपैस वाटते, गायकांना श्वास घ्यायला जागा देतो. काहींना ती सुस्त वाटते. मला नाही वाटत.

आवाजाच्या क्वालिटीचं म्हणाल तर स्टिरिओ आहे म्हणून ६० आपोआप चांगली असं समजू नका. कोरस मागे आणि बाई पुढे हे अंतर ६० मध्ये छान उलगडतं, शेवटच्या प्रसंगात तर फारच. पण ५४ चा मोनो २०१४ च्या रीमास्टरमध्ये चांगला स्वच्छ निघालाय, एका साध्या स्पीकरवर तो उलट जास्त थेट लागतो.

तो शेवटचा प्रसंग. सगळे विचारतात की व्रत मोडणारी कोण, पोल्लिओनेला भीती की आता आदाल्जीझाचं नाव घेणार, आणि नॉर्मा म्हणते ‘सोन इओ’, मी आहे ती. दोनच शब्द, साथ जवळजवळ थांबलेली. ५४ मध्ये ती हे घोषणा केल्यासारखं म्हणते, अजूनही पुजारीणच बोलतेय. ६० मध्ये तिला दमल्यासारखं, सुटल्यासारखं वाटतं. हे सांगून पटणारं नाही, दोन्ही लागोपाठ लावा, मिनिटभराचं काम आहे.

तर क्रम माझा असा: आधी ६० ची अख्खी ऐका, लिब्रेटो (ऑपेराची संहिता) हातात घेऊन, कारण गोष्ट तीच जास्त नीट सांगते. मग ५४ चा पहिला अंक. उलटं केलंत तर ६० च्या वरच्या स्वरांवरच अडकाल आणि लुडविगकडे लक्षच जाणार नाही. आणि कुणी जाणकार मध्येच येऊन म्हणेल की हे दोन्ही सोडा, खरी नॉर्मा ७ डिसेंबर १९५५ ची, ला स्कालात कंडक्टर व्होत्तो, आदाल्जीझा सिमिओनातो आणि पोल्लिओने देल मोनाको यांच्याबरोबरची. तो म्हणतो त्यात तथ्य आहे, पण ती लाइव्ह आहे, आवाज खरखरीत आहे, आणि पहिल्या भेटीत ती लावली तर माणूस निम्म्यात बंद करतो. ती तिसरी ठेवा.