नदीजल-गुणवत्ता मूल्यांकन (औद्योगिक प्रदूषण, विदर्भ)

कारखाने, कोळसा खाणी व औष्णिक वीजकेंद्रे यांचे सांडपाणी मिसळल्याने नदीच्या पाण्यात पडलेला फरक मोजण्याची पद्धती. विदर्भात वेणा (बुटीबोरीखाली), कोलार-कन्हान (कोराडी, खापरखेडा), इरई (चंद्रपूर) आणि बल्लारपूरजवळची वर्धा या नद्यांबाबत तिचे महत्त्व विशेष आहे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६९ चा, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या (१९७४) आधीचा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ त्यातूनच १९७० मध्ये स्थापन झाले.

मूल्यांकनाचा कणा म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव ठराविक दिवसांत जेवढा ऑक्सिजन वापरतात तो. तिचा पाच दिवसांचा मूळ कालावधी ब्रिटिश रॉयल कमिशनच्या १९१२ च्या अहवालाशी जोडला जातो. ब्रिटनमधील कोणत्याही नदीचे पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सामान्यतः सांगतात. हे स्पष्टीकरण मागाहून जोडलेले असावे आणि कालावधी प्रयोगशाळेच्या सोयीने ठरला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. काहीही असले, तरी उगमापासून समुद्रापर्यंत वर्धेच्या पाण्याचा प्रवास पाच दिवसांचा नाही. भारतात २७° से. तापमानाला तीन दिवसांची चाचणी प्रमाण मानली आहे. येथील हवामानाला ती जवळची आहे. मात्र २०° से. तापमानाला घेतलेल्या पाच दिवसांच्या जुन्या आकड्यांशी तिची थेट तुलना करू नये. कागद कारखान्याच्या सांडपाण्यातील लिग्निन (लाकडातील चिवट घटक) तीन दिवसांत फारसे कुजत नाही. अशा ठिकाणी बीओडी कमी दिसते, पाणी मात्र चहासारखे तांबूस असते. तेथे रासायनिक ऑक्सिजन मागणी (सीओडी), म्हणजे ही घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, सोबत मोजावीच लागते.

नमुना नाल्याच्या संगमाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांना घेतात. ३०० मिली.ची बाटली पाण्याखालीच भरून, आत बुडबुडा न राहता बूच लावतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याच्या विंक्लर पद्धतीत (१८८८) मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घालतात. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर तो जवळजवळ संपला आहे. बीओडीची बाटली बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत नेतात. खेड्यातल्या रपट्यापासून शहर दूर असल्याने हाच टप्पा सर्वांत कच्चा राहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात निर्जंतुकीकरणानंतर पिण्यायोग्य (‘अ’) पाण्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ६ मिग्रॅ. आणि बीओडी कमाल २ मिग्रॅ. लागते. बीओडी ३ च्या वर गेल्यास नदीचा तो पट्टा प्रदूषित धरतात. २०२२ च्या यादीत देशातील अशा ३११ पट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते. या कसोटीने उद्योगाचा वाटा वेगळा काढता येत नाही. नाग नदी कन्हानला मिळते ती प्रामुख्याने नागपूरचे घरगुती मैलापाणी घेऊन. उलट खाणीतून उपसलेल्या पाण्यातील सल्फेट व क्षार आणि वीजकेंद्राची राख साठवणाऱ्या बंधाऱ्यातून झिरपणारे धातू बीओडीत उमटतच नाहीत. त्यासाठी विद्युतवाहकता, एकूण विरघळलेले घन पदार्थ आणि गाळातील धातू तपासावे लागतात.

ढीवर मासेमार पहाटे डोहात तोंड वर काढणाऱ्या मासोळीवरून पाणी ओळखतात. शेवाळ रात्रभर ऑक्सिजन घेत असल्याने तो पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी घेतलेला नमुना म्हणून नेहमी थोडा बरा निघतो.