विमानावरचे उपग्रह अँटेना : 'स्क्यू'च्या तिढ्याची पार्श्वभूमी

विमानातून उपग्रहाशी संपर्क साधण्याचे एल-बँडचे (कमी वारंवारतेच्या रेडिओ पट्ट्याचे) प्रयोग 1970च्या दशकात झाले आणि 1990च्या सुमारास प्रवासी विमानांवर अँटेना दिसू लागले. तरंगलांबी 19 सेंमीच्या आसपास, ध्रुवीकरण (लहरीच्या कंपनाची दिशा) वर्तुळाकार, गेन (लहरी एका दिशेला एकवटण्याची ताकद) 12 डेसिबल. एवढ्यात आवाज आणि थोडा डेटा निभावे. तेव्हाचा वाद जागेचा होता : पाठीवर एक उंचवटा की दोन्ही बगलांवर चपट्या पट्ट्या? पट्ट्यांना हवेचा विरोध कमी, पण उपग्रह नाकाच्या किंवा शेपटीच्या रोखाने खाली असला की दोन्ही आंधळ्या.

खरी गुंतागुंत केयू-बँडने, म्हणजे त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेच्या पट्ट्याने, आणली. 2003च्या जागतिक रेडिओ परिषदेत 14 ते 14.5 गिगाहर्ट्झचा पट्टा विमानांना मिळाला, पण दुय्यम हक्काने. म्हणजे शेजारच्या उपग्रहाला त्रास द्यायचा नाही आणि स्वतःला झालेल्या त्रासाची दादही मागायची नाही. भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्ताच्या वर जिथे उपग्रह पृथ्वीसोबतच फिरतो तिथे, उपग्रह एकमेकांपासून जेमतेम 2° अंतरावर असतात. म्हणून अमेरिकी नियमांत नेम 0.2° च्या आत ठेवण्याची अट आली, चूक 0.5° च्या पुढे गेली की 100 मिलिसेकंदांत प्रक्षेपण बंद.

याच सुमारास अँटेना बुटका ठेवण्याचा निर्णय रूढ झाला. त्यावरच्या रेडोमला (झाकणाच्या घुमटाला) वीज आणि पक्ष्याची धडक सोसायची असते, आणि उंची वाढली की इंधनखर्च वाढतो. म्हणून साधारण 60 सेंमी रुंद, 15 सेंमी उंच अशी आयताकृती पट्टी यांत्रिक पायावर बसवली गेली. 21 मिमी तरंगलांबीला तिचा बीम (लहरींचा झोत) आडवा सुमारे 2°, उभा सुमारे 7°. भूस्थिर कक्षेची आकाशातली कमान विमानातून आडवी दिसते तोवर बीमची अरुंद बाजू शेजारच्या उपग्रहाकडे राहते आणि सगळे ठीक चालते. कमान तिरपी दिसू लागली की पट्टीचा आडवा अक्ष आणि कमान यांत कोन पडतो. तोच स्क्यू.

इथे शब्दाचा मोठा घोळ आहे. माहितीपत्रकांत 'स्क्यू भरपाई ±90°' असे छापलेले असते, ते बहुधा ध्रुवीकरणाबद्दल असते. केयू-बँडचे ध्रुवीकरण सरळ असल्याने ते उपग्रहाशी जुळवावे लागते. दोन काटकोनी पोर्टांवरचे संकेत योग्य प्रमाणात मिसळून ते इलेक्ट्रॉनिक रीतीने होते. बीमचा आकार मात्र त्याने तसूभरही फिरत नाही. दोन्ही कोनांचे सूत्र बहुतांशी एकच असल्याने गल्लत होते : विमान आणि उपग्रह यांच्या रेखांशांतील फरकाची साइन भागिले विमानाच्या अक्षांशाची टॅन, आणि त्या भागाकाराची व्यस्त टॅन.

रेखांशांतला फरक 30° धरा. फ्रँकफर्टच्या 50° अक्षांशावर स्क्यू 23°, मुंबईच्या 19° वर 55°, कोचीच्या 10° वर 71°. कमानीच्या दिशेने बीमची रुंदी मुंबईवर सुमारे 3.2° आणि कोचीवर 4.7° होते. म्हणजे कोचीवर 2° अंतरावरचा शेजारी बीमच्या अर्धशक्ती सीमेच्या (जिथे शक्ती निम्मी होते त्या कडेच्या) आत येतो. उपग्रह क्षितिजाजवळ नाकाच्या किंवा शेपटीच्या रोखाने असेल तर वळणातला 25° झुकावही स्क्यूमध्ये जवळजवळ पूर्ण मिळवला किंवा वजा केला जातो. अशा वेळी मोडेमला शक्तीची घनता उतरवावी लागते, संकेत जास्त रुंद पट्ट्यावर पसरावा लागतो आणि विमानाकडून वर जाणाऱ्या डेटाचा वेग कोसळतो. काही वेळा प्रक्षेपणच थांबते. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मार्गांवर पास झालेला अँटेना अरबी समुद्रावर का अडतो, याचे उत्तर फार वेळा एवढेच असते. बुटकेपणाची किंमत विषुववृत्ताजवळच्या मार्गांनी भरली, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

जवळच्या रेखांशाचा उपग्रह घेतला की स्क्यू उतरतो. पण मग कमी अक्षांशांवर उपग्रह जवळपास डोक्यावर येतो आणि दोन अक्षांच्या पायाला ऊर्ध्वबिंदूपाशी (थेट डोक्यावर) आडवी फिरकी फार वेगाने घ्यावी लागते. मोटर मागे पडते, नेम सुटतो. तिसरा अक्ष दिला तर दोन्ही प्रश्न सुटतात, पण उंची वाढते. 2015च्या सुमारास आलेल्या फिरत्या गोल तबकड्यांनी, एक प्रक्षेपणाला आणि एक ग्रहणाला, हा पेच बराच सोडवला : उपग्रह उंच असताना अँटेनाचे छिद्र (लहरी पाठवणारे तोंड) त्याला जवळजवळ गोल दिसते. उपग्रह क्षितिजाकडे असला की मात्र ते चेपते.

निम्न कक्षेच्या (पृथ्वीजवळून फिरणाऱ्या) उपग्रहांसाठीचे सपाट इलेक्ट्रॉनिक पॅनेल आल्यावर शेजाऱ्याला त्रास देणारा स्क्यूचा प्रश्न मागे पडला. त्याऐवजी बीम पॅनेलच्या सरळ समोरून 60° कलल्यावर किमान 3 डेसिबल गेन जातो आणि उपग्रह सतत बदलावा लागतो. भूस्थिर उपग्रहांना जपण्याची अट तिथेही आहे. विषुववृत्ताजवळ ती कमान नेमकी डोक्यावरून जाते, त्यामुळे सर्वांत जवळचे, सर्वांत जोरकस उपग्रहच तिथे वगळावे लागतात.